कवळीवाल्याच्या मांड्या

दातांच्या कवळ्या बनवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता, पण कुणी ओळख विचारली की ते छाती काढून "मी धावतो" असंच सांगत. साठी उलटली तरी रोज सकाळी पळून येत आणि घामाघूम अवस्थेत बायकोसमोर उगाच येरझारा घालत. तिनं विचारावं म्हणून. ती विचारायची नाही.

एका दुपारी काम करताना कवळीचा एक सुळा निसटून टेबलाखाली गेला. ते उकिडवे बसले, सुळा सापडला, पण उठता येईना. मांड्यांनी चक्क संप पुकारला. बायको चहा घेऊन आली तरी ते टेबलाखालीच.

"काय शोधताय?"

"सुळा."

"मग मुठीत काय आहे?"

शेवटी तिनंच काखेत हात घालून त्यांना उपसून काढलं.

फिजिओथेरपिस्टनं त्यांना खुर्चीत बसवून हात न टेकता उठायला सांगितलं. ते निम्मे उठले आणि धपकन परत बसले.

"अहो, पण मी रोज धावतो!"

"धावता हो, काका. दम झकास आहे तुमचा. पायांत जोर कुठंय? वजनं उचला, नाहीतर हे धावणंही जाईल."

वजनं उचलणाऱ्यांना ते आजवर 'फुगे' म्हणत आले होते. आता स्वतःच फुग्यांत जाऊन उभं राहायचं!

व्यायामशाळेत चारी भिंतींना आरसे. इतक्या बाजूंनी आपलं पोट त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. प्रशिक्षकानं हातात नुसता लोखंडी दांडा दिला. "वजनं कधी लावायची?" त्यांनी ऐटीत विचारलं. थोड्याच वेळात दांडाच खाली ठेवू का, असं विचारायची पाळी आली.

शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका, वयानं त्यांच्याहून थोरल्या, जाडजूड चकत्या लावलेला दांडा जमिनीवरून उचलत होत्या. दात आवळून. ते दात त्यांनी ताबडतोब ओळखले.

"बाई, जपून! कवळी तडकेल."

"कवळी तुमची, तडकली तर तुम्ही बघा," बाई दांडा ठेवत म्हणाल्या. "मांड्या माझ्या आहेत. त्या नाही तडकत."

सुरुवातीला अंग असं काही आंबलं की ते जिना कठडा धरून उलटे उतरत. "गाडी मागे घेताय? भोंगा तरी वाजवा," बायको खालून म्हणायची. धावणं इतकं मंदावलं, की फिरायला निघालेल्या एका गृहस्थांनी त्यांना मागे टाकता टाकता "बरं वाटत नाहीये का?" अशी चौकशी केली. सोडून द्यावं, असं मनात येई. पण बाई "उद्या या" म्हणत, आणि त्या आवाजापुढे दांडी मारायची त्यांची छाती नव्हती.

हळूहळू दांड्याला चकत्या लागल्या. आधी बशीएवढ्या, मग बऱ्यापैकी. आणि एके सकाळी टेकडीच्या ज्या चढावर ते बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं हमखास थांबत, तो चढ ते न थांबता चढून गेले. वर कौतुक करायला कुणी नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं. त्यांचे डोळे भरून आले. "वारा फार आहे," त्यांनी कुत्र्याला सांगितलं.

घरी येऊन बातमी दिली, तेव्हा बायकोनं त्यांच्या मांडीवर थाप मारून पाहिली. "घट्ट झालीय की हो!"

ते लाजून लाल झाले.

"मग एक काम करा. धाकट्या जावेचं कपाट वर चढवायचंय. तिला कळवते, बाहेरचा माणूस बघू नकोस म्हणून."

त्याच संध्याकाळी ते आणि धाकटा भाऊ जिन्यात कपाटाच्या दोन टोकांना उभे होते.

"पाठ सरळ ठेव, भार मांड्यांवर घे, श्वास रोखू नकोस..." त्यांचं प्रवचन सुरू झालं.

"दादा," भाऊ पलीकडून म्हणाला, "आधी उचल तरी."