मुको मसालो

दुपारी दोन ते चार ही वेळ लीलाची होती. घरात कुणी ती तिला दिलेली नव्हती. पहाटे पाचला उठल्यापासून रात्रीची भांडी पालथी घालेपर्यंतच्या दिवसात एवढीच एक फट राहून गेली होती, आणि त्या फटीत ती त्रेचाळीस वर्षं पुस्तक घेऊन बसत आली होती. नवरा काशिनाथ हायस्कुलात गणित शिकवायचा तेव्हा त्या वेळी तो शाळेत असे. निवृत्त झाल्यावर तो माशांचं जेवण जेवून दोनला आडवा व्हायचा आणि चारच्या चहाला उठायचा. तेवढ्यात लीला मागच्या पडवीत भिंतीला पाठ लावून, पाय लांब सोडून वाचायची. मालवणच्या बाजारातल्या वाचनालयातून आठवड्याला एक पुस्तक. कादंबरीच हवी आणि जाड हवी, कारण पातळ कादंबरी मंगळवारीच संपते आणि मग शनिवारपर्यंत काय करायचं?

ती मूळची कुणकेश्वरची, अकरावीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा सासूला तिचं वाचन खपलं नाही. सासू तोंडावर काही बोलायची नाही, शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "वाचूक बसलेल्या बायलेचो भात लागता." लीलाचा भात कधी लागला नाही. कालवण कधी उतू गेलं नाही, दूध गेलं नाही. सासू वारून सव्वीस वर्षं झाली तरी पुस्तक उघडताना लीला आधी चुलीकडे एकदा बघून घ्यायची.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये वाचनालयाच्या गणपतने तिला एकाऐवजी दोन पुस्तकं दिली. आठ-पंधरा दिवस बंद राहील असं वाटतंय, उघडल्यावर आणा, म्हणाला. त्यातली एक कादंबरी चारशे पानांची होती. पहिल्याच प्रकरणात एक माणूस घर सोडून जातो. वर्षाने त्याचं पत्र येतं. बायको ते उघडत नाही, तांदळाच्या डब्यात खाली घालून ठेवते आणि रोज त्याच डब्यातले तांदूळ काढून भात करते. लीलाला ही बाई पटली. एकशे बाराव्या पानावर तिने केसातला आकडा खूण म्हणून घातला. पत्रात काय असेल याचा विचार करत ती भाजी चिरायची, आणि बरं वाटायचं.

त्याच आठवड्यात मुलगा यज्ञेश आणि सून शर्मिष्ठा पुण्याहून आली. पाडव्याला चार दिवस म्हणून आलेली, ती अडकली.

लीलाला आनंद झाला नाही असं कोण म्हणेल? पहिले आठ दिवस झालाच. मग तिच्या लक्षात आलं की फट बुजली. यज्ञेश दहाला उठायचा, म्हणून नाश्ता अकराला. म्हणून जेवण अडीचला, म्हणून भांडी साडेतीनला, आणि काशिनाथचा चहा मात्र निवृत्तीपासूनच्या सवयीने बरोब्बर चारला. शर्मिष्ठाचं ऑफिसचं काम कॉम्प्युटरवर चालायचं, आणि घरात रेंज येई ती एकाच जागी, मागच्या पडवीत, लीला पाठ टेकायची त्याच भिंतीपाशी. तिथे आता टेबल आलं. मिटिंग चालू असताना भांड्यांचा आवाज नको असायचा. शर्मिष्ठा वाईट नव्हती. रात्रीची भांडी ती न सांगता घासायची, आणि लीलापेक्षा जास्त थकलेली दिसायची. त्यामुळे तिच्यावर चिडायचीही सोय नव्हती. रात्री वाचावं तर डोळ्यात मोतीबिंदू पिकायला आलेला. दिव्याखाली अक्षरं मुंग्यांसारखी हलायची.

यज्ञेशला काम थोडं होतं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये लोकांना काय काय सुचलं, त्याला घरचं जेवण सुचलं. होड्या बंद, बाजारात मासे नाहीत. लीला सुकट, कुळथाची पिठी, कोवळ्या फणसाची भाजी असं चालवत होती. त्याला त्यात परंपरा दिसायला लागली. तो ताटाचे फोटो काढायचा आणि फेसबुकवर लिहायचा. लोकांना ते आवडायचं, म्हणून तो आणखी जुने पदार्थ मागायचा. खापरोळ्या कर, सातकापे घावणे कर, आजी करायची ते शिरवाळे कर. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे उकडायचे, हात भाजत असतानाच साच्यात दाबून त्यांच्या शेवया पाडायच्या, वर नारळाचा गोड रस काढायचा. सकाळी सातला सुरू केलं की अडीचला ताटात. खायला दहा मिनिटं. तो दारात उभा राहून विचारायचा, पीठ किती घेतलंस, मीठ कधी घातलंस. लीला म्हणायची, अंदाजान. त्याने तेही लिहिलं. अंदाज हीच आमच्या घराण्याची मोजपट्टी, असं.

शिरवाळ्यांवर लिहिलेलं शर्मिष्ठाने कौतुकाने तिला वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं: "आईने फारशी पुस्तकं वाचली नाहीत, पण तिच्या बोटांत अख्खं ग्रंथालय आहे." दोनशे तीस लोकांना ते आवडलं होतं. लीला नारळ खवत होती. ती खवतच राहिली. त्या महिन्यात तिच्यापर्यंत पोचलेला वाचनाचा मजकूर तेवढाच.

आणि एक दिवस पुस्तक जागेवर नव्हतं. फडताळात, डाळीच्या डब्यांमागे तिने ते ठेवलं होतं. तिला वाटलं, आपणच कुठे हलवलं. दोन दिवस ती डबे सरकवत राहिली. तिसऱ्या दिवशी ओटीवर झोपाळ्यात यज्ञेशच्या छातीवर ते उपडं पडलेलं दिसलं, तो झोपलेला. आकडा खिडकीच्या कठड्यावर होता.

तो वाचतोय याचाही तिला राग धरता येईना. लहानपणी त्याने पुस्तक हातात धरावं म्हणून तिने किती जीव टाकला होता. आता त्याने धरलं होतं, आणि तिला ते हिसकावून घ्यावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना तो बापाला सांगायला लागला की कादंबरी बरी आहे, पण शेवट फसलाय. चारशे पानं ते पत्र, पत्र, आणि शेवटी ती बाई उघडते तर ते कोरंच असतं. एक अक्षर नाही. काशिनाथ म्हणाला, मग कित्याक वाचूचा असला? लीला भात वाढत होती. तिने वाढायचा चमचा परत पातेल्यात ठेवला.

"माझा वाचून जावचा आसा रे," ती म्हणाली.

यज्ञेशला खरंच नवल वाटलं. "तू कधी वाचतलंस गो? तुका वेळ खंय आसा?"

तो हे प्रेमाने म्हणाला. तेच तिला सहन झालं नाही. आत येऊन ती मोरीपाशी उभी राहिली. हात धुतले, पुन्हा धुतले. ओरडावं असं काही नव्हतंच कुणाला. घरातली सगळी माणसं भली होती, पोटभर जेवलेली होती.

त्या संध्याकाळी तिने सांगून टाकलं की उद्यापासून मसालो.

मालवणी घरात वर्षाचा मसाला पावसाआधी होतो, त्यात नवल नाही. पण या घराची एक रीत होती. मसाला भाजणाऱ्या बाईने भाजताना बोलायचं नाही आणि तिला कुणी हाक मारायची नाही. बोललेल्या मसाल्याला कीड लागते, असं सासू सांगायची. खरं कारण बहुतेक साधं होतं: मिरच्या भाजताना जी खाट उठते ती उघड्या तोंडात गेली की ठसका थांबत नाही. परसात मांगर आहे, लाकडं आणि नारळ साठवायचं कौलारू खोपटं, तिथल्या जुन्या चुलीवर सासू तोंडाला पदर बांधून बसायची. घरात त्याला मुको मसालो म्हणत. त्या काळात जेवण लवकर उरके आणि घरातले पुरुष आपला चहा आपण करत. वर्षातून तेवढंच.

यज्ञेश हरखला. त्याला व्हिडिओ करायचा होता. पहिल्या दिवशी तो मोबाईल घेऊन मांगराच्या दारापर्यंत आला. तेव्हा लीलाने कढईत लवंगी मिरच्या घातलेल्या होत्या. तो शिंकत, डोळे चोळत जो पळाला तो पुन्हा परसाकडे फिरकला नाही. बाहेरूनच त्याने लिहिलं असेल काहीतरी.

लाकडांच्या मागे पुस्तक होतं. एकशे बारावं पान.

तिने एक पद्धत बसवली. एक पान वाचायचं, एकदा परतायचं. मिरच्यांना ते जमलं, खसखशीला, बडीशेपेला जमलं. धुराने डोळे गळत होते, पण अक्षरं दिवसाउजेडी ठसठशीत दिसत होती. शेवट माहीत होता, म्हणून वाचणं फुकट जाईल अशी तिला धास्ती होती. तसं झालं नाही, आणि पूर्वीसारखंही झालं नाही. कुणीतरी उष्टावलेलं ताट पुढ्यात असावं तशी ती वाचत होती. प्रत्येक पानावर यज्ञेशचा आवाज आधी जाऊन बसलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कढईत धणे होते आणि कादंबरीतली बाई तांदळाच्या डब्यापाशी बसली होती. डब्यातले तांदूळ संपले आहेत. पत्र तळाला उघडं पडलं आहे. ती ते उचलते. पुसते. उजेडात धरते, पण फोडत नाही. उठून दार लावून येते. हे सगळं अकरा पानं चाललं होतं. पत्र कोरं निघालं, यज्ञेश खरं बोलला होता. ही अकरा पानं मात्र त्याने सांगितली नव्हती. त्याने ती बहुधा उलटली असावीत, काटे असलेला मासा ताटाच्या कडेला सारावा तशी.

मग तिला वास आला.

धणे तळाशी काळे झाले होते. तिने कढई उतरवली, हात भाजला, धणे सुपात ओतले, काळे निवडायला घेतले. निम्म्याहून जास्त काळे. दुकानात धणे नव्हते, गाडी आली की मिळतील असं दुकानदार पंधरा दिवस सांगत होता. मिरच्याही आंगणेवाडीच्या जत्रेतून आणलेल्या, त्या पुन्हा कुठून येणार. तिने करपलेल्यातले त्यातल्या त्यात बरे धणे मसाल्यात घातले. त्रेचाळीस वर्षं ज्या एका वाक्याला तिने खोटं पाडत आणलं होतं, ते एका दुपारी खरं ठरलं. सासू असती तर काही बोलली नसती. तिने शेजारणीला हाक मारली असती.

कांडायची गिरणी बंद होती, म्हणून मसाला घरीच दगडी वायनात, म्हणजे उखळात, कुटला. त्यात आणखी दोन दिवस गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी मसाला बरणीत भरून, हिंगाचा खडा वर ठेवून, तोंडाला फडका बांधून झाला. पाचव्या दिवशी दुपारी दोन वाजता लीला पुन्हा मांगरात गेली.

मूठभर लवंगी मिरच्या तिने मसाल्यात घातल्याच नव्हत्या. चुलीत चार निखारे केले, दाराजवळ एका फुटक्या खापरीत काढले आणि त्यावर दोन मिरच्या टाकल्या. खाट दाराबाहेर पडून परसातून घराकडे गेली. पडवीत शर्मिष्ठा शिंकली. खिडकी बंद झाल्याचा आवाज आला; घरच्यांना वाटलं, मसाल्याचा दुसरा घाणा चाललाय. लीलाने तोंडाला पदर बांधला आणि दुसरं पुस्तक उघडलं.

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी काशिनाथ आला. आयुष्यभर हिशेबाची गणितं शिकवलेला माणूस. आपल्या आईचा मसाला दीड दिवसात व्हायचा हे त्याला आठवायला इतके दिवस लागले. नाकाला पंचा धरून तो दारात उभा राहिला. त्याने विझलेली चूल पाहिली, खापरी पाहिली, तिच्या मांडीवरचं पुस्तक पाहिलं. लीलाने मान वर केली. ती बोलली नाही, रीतच होती. तो खोकत परत गेला, आणि ओटीवर यज्ञेशला सांगताना ऐकू आलं, "अजून चार दिस लागतले. यंदा मसालो जास्त आसा."

रात्री जेवताना कालवणाचा पहिला घास घेऊन यज्ञेश थांबला. यंदा चव वेगळी आहे म्हणाला, धुरकट, जुनी, चुलीची म्हणून असेल, यावर लिहायला हवं. काशिनाथने जिभेवर घोळवून गिळलं. "कडू लागता," एवढंच तो म्हणाला, आणि लीलाकडे बघून थोडासा हसला. ते हसू तिने ओळखलं. पोरांना एखादा तास मैदानावर सोडलं की मास्तर असे हसतात. तिला वाटलं होतं, त्याला कळलं तर बरं वाटेल. बरं वाटलं नाही. जी वेळ तिची होती ती आता त्याने दिलेली झाली. त्यापेक्षा तो आलाच नसता, आणि ती चोरलेलीच राहिली असती, तर?

तरी दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती मांगरात गेली. दुसऱ्या पुस्तकाची साठेक पानं राहिली होती. मिरच्या राहिल्या होत्या सात. वाचनालय कधी उघडेल हे गणपतलाही माहीत नव्हतं.

पुण्याहून आलेली माणसं कधी परत जातील हेही कुणाला माहीत नव्हतं. ती जावीत असं मनात आलं की तिला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागायची.

सव्वातीनच्या सुमाराला परसाच्या टोकावरून, खाट पोचणार नाही एवढ्या अंतरावरून यज्ञेशचा आवाज आला. रीत त्याच्या लक्षात होती, म्हणून हाक न मारता नुसतंच विचारल्यासारखं तो म्हणाला, शिरवाळे पुन्हा कधी? लोक विचारतायत.

लीलाने पान उलटलं. मग वाकून खापरीत आणखी एक मिरची टाकली.