नर्सबाईंची स्वतःची नळी

जपानातल्या ताजिमी शहरात फरशांच्या एका कारखान्यात शिझुनो फुकाए छत्तीस वर्षं नर्स होती. भट्टीपाशी पोळलेला हात, धुळीने धरलेला खोकला, सगळं तिच्याच खोलीत यायचं. पण तिचा खरा दरारा दिसायचा ऑक्टोबरात. तपासणीची गाडी यायच्या आधी ती प्रत्येकाच्या हातात पाकीट द्यायची. आत दोन बारक्या नळ्या. आतड्यात गाठ असली तर शीत रक्त उतरतं, ते शोधायला दोन दिवसांची शी, दोन नळ्यांत, वर आपलं नाव. आणि ठेवायची कुठे, तर शिझुनोच्या टेबलावरच्या पांढऱ्या खोक्यात.

माणसं टाळाटाळ करायची. भट्टीवरचा मुकादम होरिबे तर दरवर्षी दडी मारायचा. ती त्याला थेट जेवणघरात गाठायची.

"होरिबे-सान, नळ्या कुठायत?"

"अहो नर्सबाई, घास तरी गिळू द्या! माझ्या पोटातलं माझं मला राहू द्या की."

"आत आहे तोवर तुमचं. बाहेर पडलं की माझं. उद्या आणा, नाहीतर तुमच्या बायकोला फोन लावते."

सगळं जेवणघर फिदीफिदी हसायचं. दुसऱ्या दिवशी नळ्या हजर.

आता हिला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा, पण शिझुनोची स्वतःची नळी अकरा वर्षांत त्या खोक्यात पडली नव्हती. पूर्वी खोकं तपासणीच्या गाडीतच असायचं, तेव्हा ती द्यायची. मग ते तिच्या टेबलावर आलं. ज्या बाईसमोर चारशे माणसं मान खाली घालून नळी ठेवतात, त्या बाईचंही नाव त्यातच लोळताना सगळ्यांना दिसायचं? तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कागदावर ती 'बाहेर तपासून घेतलं' असं लिहून टाकायची. नर्सला कोण विचारतंय?

निवृत्तीला आठ महिने उरले होते. चौसष्टावं वर्ष. ऑगस्टातल्या एका सकाळी तिला संडासात रक्त दिसलं. मूळव्याध असेल, ती मनाशी म्हणाली. हेच कुणी तिला येऊन सांगितलं असतं, तर तिने त्याला कान धरून डॉक्टरकडे नेलं असतं. पण तिच्या जागी येणारी बाई अजून मिळाली नव्हती, तपासणी तोंडावर आलेली. आपण मध्येच आडवं पडायचं म्हणजे सगळ्यांना त्रास. मार्च संपू दे, एक एप्रिलला जाऊ. नवरा साकुझो, शाळामास्तर, तीन वर्षांपूर्वीच घरी बसलेला. नदीकाठी बसायला म्हणून दोन घडीच्या खुर्च्या आणून तो बायकोच्या सुटीची वाट बघत होता. त्यालाही ती काही बोलली नाही.

त्या ऑक्टोबरात होरिबेच्या नळीत रक्त निघालं. शिझुनोने पाठ सोडली नाही, आणि गाठ लहान होती तोवरच कापली गेली. जानेवारीत तो मिठाईचा डबा घेऊन आला आणि कमरेत वाकला.

"नर्सबाई, तुम्ही नसतात तर बायको आज माझ्या फोटोपुढे उदबत्ती लावत असती. तुमची तपासणी ठीक ना?"

"मला काय धाड भरलीय!"

तो हसत गेला. तिने दार लावून घेतलं. पोटात कळ होती. फोन उचलला, ठेवला. दहा आठवडे तर राहिले.

मार्चअखेर फुलं झाली, टाळ्या झाल्या. एक एप्रिलला ती इस्पितळात गेली.

"मागच्या वर्षीच्या तपासणीचा कागद?" डॉक्टरने विचारलं.

"नाही."

"त्याच्या आधीचा?"

"नाही."

"तुम्ही कारखान्यात नर्स होतात ना?"

मग तपासण्या झाल्या. गाठ यकृतापर्यंत गेली होती. कापून काढण्यासारखं काही राहिलं नव्हतं. औषधाने वर्षभर, फार तर दीड.

घरी साकुझोने चहा केला आणि ओतायचा विसरला.

"अगं, माझ्या नळ्या तू दरवर्षी संडासाच्या दारात उभी राहून घेतल्यास. मी तुला एकदा तरी विचारायला हवं होतं."

"खोटंच सांगितलं असतं मी."

"का गं?"

"लाज वाटायची."

तो हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही.

पुढच्या ऑक्टोबरात, डोक्याला रुमाल बांधून, शिझुनो कारखान्यात गेली. नवी नर्स उन्नो, चाळिशीची, लगबगीने उठली. बाई आल्याचं ऐकून होरिबेही भट्टीवरून धावत आला.

"उन्नो-सान, हे खोकं टेबलावरून हलवा. संडासाबाहेर पडद्याआड ठेवा. नळीवर नावाऐवजी आकडा घाला."

"पण फुकाए-सान, इथे कोण लाजतंय? तुमच्या धाकाने सगळेच देतात."

शिझुनोने होरिबेकडे पाहिलं. त्याच्यासमोर बोलायचं म्हणजे जिवावर आलं होतं.

"मी लाजत होते. अकरा वर्षं दिली नाही. आता आत सगळीकडे पसरलंय."

होरिबेने टोपी काढली. "आणि मला बायकोला फोन करायची धमकी..."

उन्नोने टेबलावरचं खोकं जवळ ओढलं. मग हळूच म्हणाली, "माझीही अजून खोक्यात नाही. म्हटलं, आधी सगळ्यांचं होऊ दे."

"सगळ्यांचं कधीच होत नसतं, बाई," शिझुनो म्हणाली. "उद्या सकाळी आणा."

खोकं तिने स्वतःच उचललं. कागदाचंच ते, पण संडासापर्यंतच्या वाटेत तिला दोनदा बसावं लागलं. होरिबे खुर्ची घेऊन मागून चालत होता.