तपासले, ठीक

ऐंशीच्या दशकात मी बोईसरला एका कारखान्याच्या कॉलनीत ओव्हरसियर होतो. उमरोळीहून सायकलने यायचो. दर वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, सगळ्या इमारतींच्या गॅलऱ्या तपासायच्या असा नियम होता. तपासायच्या म्हणजे काय, हातोडी घ्यायची आणि ठोकत जायचं. खण्ण वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आतली सळई गंजून फुगलेली, काँक्रीट सुटलेलं. समुद्र जवळ, वारा खारा. तिथे लोखंडाचं काही खरं नसतं. बद्द वाजलं की गेरूची फुली मारायची आणि गॅलरीचं दार खिळे ठोकून बंद. लोक शिव्या द्यायचे. द्या म्हणायचो, कपडे घरात वाळवा.

दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. मूळच्या घिवलीच्या. मुलगा कारखान्यात, सून नवीनच आलेली. जिना चढून गेलो की काकू आधी पाणी द्यायच्या, मग विचारायच्या, "जेवलास का?" त्या अख्ख्या कॉलनीत ओव्हरसियरला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्या वर्षी गेलो तर गॅलरीभर तांदळाच्या पापड्या. प्लास्टिक अंथरून दोघींनी सकाळपासून घातलेल्या, अजून ओल्या. पाय ठेवायला वीतभर जागा नाही.

"आत्ताच घातल्यात रे," काकू म्हणाल्या. "हलवल्या तर मोडतील. उद्या ये ना. आमी काय पळून चाललोय?"

सून तोंडाला पदर लावून हसली. अन्नावर पाय देणार कसा? आणि उंबऱ्यात उभं राहून हातोडी पोचणार कुठवर? उद्या येतो म्हणालो. साहेबाला रजिस्टर संध्याकाळीच हवं होतं, म्हणून जिना उतरता उतरता लिहून टाकलं: तपासले, ठीक. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. विसरलो नव्हतो. कंटाळा केला.

जुलैत एका दुपारी पाऊस उघडला म्हणून सून कपडे वाळत घालायला गेली, आणि गॅलरी तिच्यासकट खाली आली. मी पोचलो तोवर तिला नेलं होतं. ती वाचली नाही. मी तुटक्या काँक्रीटमधल्या सळया बघत उभा राहिलो. पार झिजलेल्या, नखाने पापुद्रे निघत होते. मला काहीच वाटलं नाही. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच. घरी गेलो, जेवलो, झोपलो.

रीतसर चौकशी झाली. मोठ्या साहेबांनी काकूंना समोर बसवून विचारलं, यांनी तुमची गॅलरी ठोकून बघितली होती का? मी बाजूलाच उभा होतो. काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बघितली होती," म्हणाल्या. "नीट ठोकली."

मी तोंड उघडलं नाही. नोकरी राहिली. सगळे म्हणाले, सुटलास बाबा! सुटलो कसला? नुसता बधिर झालो. काकूंचा मुलगा गेटवर दिसायचा, मान हलवायचा, मीही हलवायचो. वर्षभर दुरुस्त्यांसाठी लोकांच्या घरांत गेलो, ठोकलं, लिहिलं. कोणी पाणी पुढे केलं तर नको म्हणायचो.

पुढच्या मेमध्ये काकूंच्या दाराशी उभा राहिलो. गॅलरी नवी बांधलेली, तिला वर्षही झालं नव्हतं, पण नियम तो नियम. काकूंनी दार उघडलं. पाणी आणलं नाही, जेवलास का तेही विचारलं नाही. मला वाट देत भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

गॅलरी रिकामी होती. दोरीवर फडकं नाही, कोपऱ्यात कुंडी नाही, लादी धुऊन पुसलेली.

"ये," त्या म्हणाल्या. "आता काय वाळत नाय घातलं."