उत्तर न आलेला हात

काकांशी हात मिळवला की ते तो हलकेच दाबायचे आणि थांबायचे. आपण उलट दाबला की म्हणायचे, "ठीक. चालू दे." न दाबणाऱ्याचा हात ते सोडतच नसत. जयेंद्रगंजातल्या माझ्या छपाईच्या दुकानात ते पहिल्यांदा आले, तेव्हा माझाही हात असाच अडकला होता.

तरुणपणी ते गावोगावच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांत रेफरी होते. बुरखेवाले, जटावाले पहिलवान, तंबूभर पब्लिक आणि आधीच ठरलेला निकाल. "कुस्ती खोटी बेटा, पण पडणं खरं असायचं," ते सांगत. म्हणून आपटी बसली की रेफरी वाकून पहिलवानाचा हात गुपचूप दाबायचा. त्यानं उलट दाबला, तर खेळ पुढे.

त्याच कुस्त्यांचा, घरी टेबलावर खेळायचा एक खेळ त्यांना बनवायचा होता. फासे, डावांची कार्डं, दोन पहिलवान आणि एक रेफरी. "कोणी कोणाला हरवायचं नाही. पब्लिकला उभं करायचं. पब्लिक उठलं तर तिघं जिंकले." कार्डांवरची चित्रं मी काढत होते. एका कार्डावर मात्र त्यांना चित्र नको होतं. नुसती अक्षरं: 'हात दाबला. उत्तर नाही.'

हे कार्ड आलं की रेफरीनं ठरवायचं. कुस्ती थांबवली तर तिघंही हरले. चालू ठेवायची तर फासा टाकायचा, आणि एक पडला तर पहिलवान कायमचा गेला. काका दर वेळी थांबवत. रंगात आलेला खेळ तिथंच बसायचा.

"काका, असा खेळ विकत कोण घेईल? एकदा टाकून तर बघा."

"तू टाक. माझ्याच्यानं नाही होत."

कारण काकूंनी सांगितलं. आग्र्याच्या एका पहिलवानाचा हात असाच गप्प राहिला होता. काकांनी कुस्ती थांबवली. पब्लिकनं खुर्च्या फेकल्या, तंबू फाडला, मालकानं खेळच बंद केले. पहिलवान म्हणाला, मी ठीक होतो, यानं माझी रोटी घालवली. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

आणि आता खेळ तपासायला काकांनी त्यालाच बोलावलं होतं.

शिंदे की छावनी या मोहल्ल्यातल्या काकांच्या घरी तो आला. अजूनही दारातून वाकून यावं लागेल असा माणूस. नमस्कार केला नाही. खुर्ची ओढली आणि म्हणाला, "रेफरी मैं बनूँगा।"

आम्ही खेळू लागलो. पब्लिकची सोंगटी वर वर चढत शेवटच्या घराशी आली, आणि माझ्या हातात नेमकं ते कार्ड आलं. गड्डीत परत सरकवावं असं वाटलं. पण काका माझ्याकडेच बघत होते. मी ते टेबलावर ठेवलं.

त्यानं वाचलं. फासा उचलून मुठीत धरला. चहा घेऊन आलेल्या काकू उंबऱ्यातच थांबल्या. काकांच्या कपाळावरची शीर ताठ झाली होती.

"उस दिन दबाया था तुमने?"

"दो बार," काका म्हणाले.

त्यानं मूठ उघडली आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला.

"मुझे पता ही नहीं चला।" फासा त्यानं टेबलावर ठेवून दिला. "रोक दो।"

आम्ही तिघंही हरलो. काका उठून आतल्या खोलीत गेले. काकूंनी मला खुणेनंच सांगितलं, त्यांच्यामागे जाऊ नकोस.

त्यानंतर तो अधूनमधून आग्र्याहून येऊ लागला. दोघं नियमांवरून भांडत. खेळाचे खोके छापून तयार व्हायच्या आधीच, या हिवाळ्यात काका गेले.

तिरडी निघाली तेव्हा तो कसाबसा पोचला होता. धाप लागलेली. काकांचा पुतण्या म्हणाला, "बाबूजी, रहने दीजिए, आपसे नहीं होगा।"

"हाथ में जान नहीं है," तो म्हणाला, "कंधे में है।"

मी दारातून बघत होते. गल्ली संपेपर्यंत त्यानं कुणालाही खांदा बदलू दिला नाही.