चार पाड्यांना चार अँटेना

तळोद्याचा गिरधर बावीस वर्षं टॉवरवर चढतोय. खाली उभं राहून सल्ले देणाऱ्यांकडे तो बघतसुद्धा नाही. बढती मिळाली नाही ती त्यामुळेच.

मणिबेलीच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठी, होडीनं गाठायचं चार पाड्यांचं एक गाव. तिथं मशीननं अंगठा ओळखला तरच रेशन. मशीनला नेटवर्कच मिळेना, म्हणून फुलीबाई तीन महिने रिकामं पोतं घेऊन परतत होती.

"सिग्नल तर भरपूर येतोय!" ठेकेदार कंपनीचे हेमकांत साहेब मोबाइल नाचवत म्हणाले.

"येस ना साहेब," गिरधर आपल्या अहिराणीत म्हणाला. "एकदा सरळ येस, एकदा पाणीवर आपटीसन, एकदा डोंगरवर. त्या एकमेकले खाई टाकतस."

गिरधरनं फोड करून सांगितलं. माहिती शेकडो बारीक लहरींवर वाटून येते. उशिरा पोचणारे पडसाद त्यातल्या काही गिळतात. चार अँटेना एकाच पाइपावर, एकाखाली एक, मोजक्या अंतरानं लावायच्या. चौघींचं एकत्र ऐकून यंत्र खरा सिग्नल ओळखतं, पडसादांना दाद देत नाही.

साहेबांनी जोरात मान हलवली. काहीच कळलं नाही की ते अशीच हलवतात.

अँटेना आल्या तेव्हा गिरधर नवापूरला होता. परतून बघतो तर प्रत्येक पाड्यावर एक अँटेना, तिला झेंडूचा हार.

"समान वाटप! कुणाची तक्रार नको," साहेब खूश.

"खाटना चार पाय चार घरले वाटात, आते निजशात कोठे?"

"अहवाल वर गेलाय, गिरधर. हात लावायचा नाही."

रेशनच्या दिवशी मशीनवरचं चक्र फिरतच राहिलं. फुलीबाईनं अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा पुसला.

"बाई, तुमची बोटंच झिजलीत," साहेब म्हणाले आणि होडीत बसले.

फुलीबाईनं पोतं खाली टाकलं. "गिरधरभाऊ, आमच्या पाड्याची काढ."

"बाकीन्या तीन?"

"त्या मी आणते. त्या पाड्यांनाही भाकरी लागते."

दुपार कलायच्या आत चारही अँटेना फुलीबाईच्या पाड्यातल्या रेशन दुकानाशेजारच्या पाइपावर चढल्या. मशीन एकदाच 'पिंग' वाजलं आणि पोत्यात तांदूळ पडला.

आठवड्यानं नोटीस आली: 'तीन पाड्यांवर अँटेना आढळल्या नाहीत. खुलासा करावा.' पाठोपाठ त्या परत वाटायला साहेबही आले. पाइपाखाली चारही पाड्यांच्या बाया पोती घेऊन बसल्या होत्या.

"ये की साहेब," फुलीबाई म्हणाली. "चढ. काढ."

साहेब होडीतून उतरलेच नाहीत.