भाऊंना डंपरवरून उतरवलं तेव्हा

मी उघड्या कोळसा खाणीत शिफ्ट इन्चार्ज आहे. डंपरच्या केबिनमध्ये चालकाच्या तोंडासमोर कॅमेरे बसले, त्या पहिल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. डोळे मिटू लागले की यंत्र ते ओळखायचं, केबिनमध्ये भोंगा वाजायचा आणि माझ्या टॅबवर लाल खूण उमटायची. चालकाला उतरवायचं की नाही, हे मात्र मी ठरवायचं.

त्या दुपारी जेवणानंतर एकाच डंपरवरून लाल खुणा येऊ लागल्या. तो आमच्या सगळ्यात जुन्या चालकाचा डंपर. ते भद्रावतीहून बसने यायचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही. यंत्र चुकायचंही. थोड्याच दिवसांपूर्वी उन्हामुळे डोळे बारीक करणाऱ्या एकाला त्याने झोपाळू ठरवलं होतं, मी त्याला उतरवलं आणि सगळी शिफ्ट मला हसली होती.

वॉकीटॉकीवर विचारलं, "भाऊ, झोप येऊन राह्यली काय?"

"मले? तुमच्या मशीनलेच येत असंन, साहेब."

वॉकीटॉकीवर ऐकणारे दोघेतिघे चालक हसले. टॅबवर पुन्हा लाल खूण. मी जीप काढली, कोळसा भरतात तिथे गेलो आणि शिडी चढून त्यांच्या शेजारी बसलो.

"काऊन जी, भरवसा नाई काय?"

"आहे भाऊ. एक फेरी मारू म्हटलं."

भरलेला डंपर चढणीला लागला. डावीकडे मातीचा बांध आणि त्यापलीकडे खोल खड्डा. भाऊ मुलीच्या नव्या घराचा स्लॅब कसा टाकला ते सांगत होते. वाक्य अर्ध्यात थांबलं. मी वळून पाहिलं. हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले. भोंगा केकाटला, तरी डंपर डावीकडे सरकतच होता.

"भाऊ!" मी ओरडलो आणि स्टिअरिंग ओढलं. ते दचकले, ब्रेक दाबला. पुढचं चाक बांधात रुतलं. धूळ हळूहळू खाली बसली.

"मी झोपलो नवतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "नवतो न, साहेब?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला त्या खड्ड्यापेक्षा या प्रश्नाची जास्त भीती वाटली.

"उतरा, भाऊ."

मागे डंपर खोळंबले होते, हॉर्न वाजत होते. भाऊ बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले. मग सगळ्यांच्या देखत शिडी उतरले.

डॉक्टर म्हणाले, रात्री घोरताना यांचा श्वास अडतो, झोप अशी होतच नाही. उपचार सुरू झाले, पण डंपर सुटला तो सुटलाच. त्यांना वजनकाट्यावर काम मिळालं. बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

पुढे वरच्या साहेबांनी बैठकीत विचारलं, लाल खूण आली की यंत्रानेच परस्पर चालकाची ड्यूटी बंद करावी का? मी म्हणालो, यंत्राला गाडी खुशाल थांबवू द्या. माणसाला उतरा म्हणायला मात्र माणूस जाऊ द्या.

हे भाऊंच्या कानावर गेलं असावं. एकदा चहाच्या टपरीवर त्यांनी बाकावर सरकून मला जागा दिली.

"तुमी वर चढून आले म्हणून उतरलो," ते म्हणाले. "मशीननं सांगतलं असतं तं उतरलो नसतो."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण एका शिफ्टला माझ्याकडे बरेच डंपर असायचे आणि मी एकटा; प्रत्येक लाल खुणेला शिडी चढून जाणं मला जमणार नव्हतं.