इरिदेची कोरी नाणी

बोर्गो माज्जोरेच्या बाजारचौकात सेत्तिमिओचा कॉफीबार आहे आणि या गड्याला खूळ एकच: आपल्या सान मारिनोचं नाणं. देश टीचभर, नाणी पाडणार मूठभर, त्यामुळे गल्ल्यात यायची ती बहुतेक इटलीची. चुकून आपलं आलंच तर सेत्तिमिओ ते बरणीत टाकायचा आणि वर सरकारच्या नावानं बोटं मोडायचा, "पाडतच नाहीत लेकाचे." गावात घरोघरी अशीच बरणी होती आणि घरोघरी हीच तक्रार.

त्या वसंतात मात्र नवल घडलं. दर गुरुवारच्या बाजाराला फुलं विकणारी इरिदे त्याच्याकडे कॉफी प्यायला यायची. पन्नाशीची विधवा, जिभेला धार. ती पैसे द्यायची ते यंदाच्याच सालाच्या, कोऱ्या करकरीत, आपल्या एक युरोच्या नाण्यानं. सेत्तिमिओ असा काही खुलायचा की कॉफी उतू जायची.

"तुम्हालाच बरी मिळतात हो?"

"नशीब एकेकाचं. घ्या."

एका गुरुवारी नाणं ठेवत ती म्हणाली, "हा माझा शेवटचा बाजार. उद्या रिमिनीला मुलीकडे चाललेय, कायमची."

"बरं," सेत्तिमिओ म्हणाला. गडी नाणं न्याहाळत होता.

ती गेली. शेजारी त्याचा मावसभाऊ एर्मेते उभा होता, नाण्यांच्या सरकारी कचेरीतला कारकून. सेत्तिमिओनं ते नाणं त्याच्या नाकासमोर नाचवलं. "लागलात की नाही पाडायला?"

एर्मेतेनं ते उलटंपालटं केलं. "यंदा एक युरोचं नाणं बाजारात सोडलंच नाही आम्ही. पाडली ती हौशी लोकांच्या संचांपुरती. चाळीस युरोला एक डबी."

"मग हिच्याकडे कुठून?"

"डबी फोडली, दुसरं काय. अरे गाढवा, ती बाई दर आठवड्याला चाळीस युरोची कॉफी पितेय. तुझी कॉफी तर मी फुकटसुद्धा नाक दाबून पितो."

सेत्तिमिओच्या डोक्यात उजेड पडेपर्यंत पाय सुटलेसुद्धा होते. बरणी काखेत, एप्रन तसाच. इरिदे बादल्या गाडीत चढवत होती. त्यानं तिच्या फळीवर बरणी उपडी केली.

"सगळी फुलं द्या."

"एवढी? कोण गेलं?"

"कुणी नाही. तुम्हालाच द्यायचीत."

नाणी फळीवरून उड्या मारत चौकभर पळाली. अख्खा बाजार गुडघ्यांवर आला, एर्मेतेसकट, आणि जो तो आपापल्या बरणीची सोय बघू लागला. सेत्तिमिओनं तिकडे ढुंकून पाहिलं नाही. तो ट्यूलिपांच्या ढिगाआडून इरिदेकडे बघत होता आणि आनंदानं त्याला धड उभं राहवत नव्हतं.

"जाऊ नका," तो म्हणाला. "मी ठार मूर्ख आहे, पण जाऊ नका."

इरिदेनं एक बादली गाडीतून खाली उतरवली. मग दुसरी. मग पदपथावर बसून तिनं फोन लावला.

"पोरी, ती वरची खोली भाड्यानं देऊन टाक," ती म्हणाली. "नाही गं, बरी आहे मी. फारच बरी आहे."